निसटलेला ठोका

मावशीची सगळी नोकरी कानाच्या दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत गेली. पेशंटच्या कानाला हेडफोन लावायचा, बारीक सूर सोडायचा आणि म्हणायचं, "ऐकू आलं की बटण दाबा." निवृत्त झाल्यावर चारचौघी गुडघ्यांच्या तक्रारी धरतात, हिनं सुरांचं यंत्र धरलं.

"म्हातारचळ दुसरं काय!" थोरली बहीण म्हणाली. "आयुष्यभर टूंटूं ऐकून कान किटले नाहीत का गं?"

"ताई, तिथला प्रत्येक सूर दुसऱ्यासाठी होता. हा माझा आहे."

यंत्र म्हणजे एक लाकडी चौकट, तीत बसवलेले सुटे भाग. एक सूर काढतो, दुसरा तो छाटतो. मधल्या रंगीत वायरी आपण जोडायच्या. मावशीचा जीव त्यातल्या दोन सिक्वेन्सरांवर, म्हणजे ठोक्यांचा क्रम लावणाऱ्या भागांवर. ओळीनं खुंट्या, वरून एक दिवा पळत राहतो. जी खुंटी वर, तिथे ठोका. एकाला आठ खुंट्या, दुसऱ्याला पाच. एका घरातल्या अबोल जावांसारखे दोघे आपापल्या फेऱ्या मारत राहायचे, आणि फिरून फिरून केव्हातरी दारात समोरासमोर यायचेच. त्या भेटीच्या ठोक्याला मावशी दर वेळी मान डोलवायची.

बहिणीच्या मुलीचा नाचाचा संच होता. एकदा घरी आली, ऐकलं आणि पायातली चप्पल न काढताच जमिनीवर बसली.

"मावशी, मला हेच हवंय. पण टेप नको. तू स्वतः रंगमंचावर बसायचं, आमच्याबरोबर."

"मी? लोकांसमोर?"

"हो, तू. मधोमध."

मावशीनं नवी साडी घेतली. कुठली खुंटी केव्हा वर, केव्हा खाली, याचा क्रम नाचासाठी पाठ केला. आणि नेमकं तेव्हाच डोळ्याचं ऑपरेशन निघालं.

"मग सरावापुरतं रेकॉर्ड करून दे," भाची म्हणाली.

रेकॉर्ड करताना एक जुनी वायर ढिली पडली आणि भेटीचा एक ठोका निसटला. मावशीला तो ऐकू आला. तिला नाही तर कुणाला येणार? पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. 'सरावापुरतं तर आहे,' म्हणून तिनं तेच पाठवून दिलं.

डोळ्याची पट्टी निघाली तशी तिनं सगळ्यात आधी नवी वायर आणली. शेवटच्या तालमीला यंत्र घेऊन हजर झाली. सगळं झकास चाललं होतं. मग त्या जागी सगळ्या मुली एकदम थबकल्या, हवेत उडाल्या, आणि खाली येण्याआधीच ठण्णकन ठोका पडला. दोघी एकमेकींवर आदळल्या. सगळ्यात उंच मुलगी, जिला सगळे उंटीण म्हणत, ती पाय धरून खालीच बसली.

"मावशी, हे काय केलंस?"

"मी? ठोका तर बरोबर पडला!"

"तिथे ठोका नसतो! तिथे शांतता आहे, तिच्यावरच तर आमची उडी बसवलीये. सगळा नाच त्या उडीसाठी आहे."

"अगं, ती शांतता नव्हे. वायर ढिली होती."

कुणीतरी फिस्सकन हसलं. भाची हसली नाही.

"मग कर ना परत ढिली."

"तसं सांगून ढिलं होत नाही गं ते. पण त्या जागी मी हातानं वायर उपसते. एका ठोक्यापुरतीच. जमेल मला."

"आणि हात चुकला तर? हिचा पाय बघ, आत्ताच सुजलाय." भाचीचा आवाज मऊ झाला, आणि मावशीला तोच जास्त लागला. "आपण रेकॉर्डिंगच लावू. तू बसायचंस मात्र. दिवे काय सुंदर पळतात! लोकांना कळणारसुद्धा नाही."

"म्हणजे मी नुसतं बसायचं? शोभेला?"

"अगं, रेकॉर्डिंग तुझंच आहे ना?"

रेकॉर्डिंग तिचंच होतं. चूकही तिचीच होती.

प्रयोगाच्या दिवशी स्पीकरवाल्यानं यंत्राची स्पीकरकडे जाणारी वायर काढून मावशीच्या हातात ठेवली, जशी एखाद्याच्या हातात त्याची काठी ठेवावी. तिनं यंत्राला हेडफोन जोडला, कानांवर चढवला आणि खटका दाबला. दिवे पळू लागले. बाहेर काय वाजतंय, ते तिला ऐकूच येत नव्हतं. तिच्या कानात आठ आणि पाच आपापल्या फेऱ्या मारत होते. ती ठरल्या क्रमानं खुंट्या वरखाली करत गेली. ती जागा आली. मुली हवेत उडाल्या आणि मावशीच्या कानात भेटीचा ठोका ठणठणीत पडला. अगदी जागच्या जागी.

मान मात्र डोलली नाही.

थोड्या वेळानं कुणीतरी खांद्याला हात लावला. घामानं निथळणारी भाची हसत काहीतरी म्हणत होती. मावशीनं एका कानावरचा हेडफोन सरकवला, तसा टाळ्यांचा लोंढा आत घुसला.

"ऊठ ना गं! वाक, लोक उभे राहिलेत. त्या उडीला तर काय टाळ्या पडल्या, ऐकल्यास ना?"

"नाही," मावशी म्हणाली, आणि उठून वाकली.