तोंडावरून उतरलेला मास्क

दुसऱ्याने दिवसभर ज्यात खोकलं, शिंकलं, तो मास्क तुम्ही आपल्या तोंडावर चढवाल का?

मला चढवायला लावला. सगळ्या वॉर्डासमोर.

स्वाइन फ्लूचं साल. पुण्याहून वरंध घाटाने माणसं गावी परतत होती, ताप घेऊन. महाडातल्या एका दवाखान्यात मी आया होते. संशयित रोग्यांच्या खोलीत जायचं, भांडी उचलायची, ओकारी पुसायची. घरी अंगावर पिणारी पोर. तिला जवळ घेताना रोज भीती वाटायची, आपण काय घेऊन आलो?

नवे मास्क डॉक्टरांना आणि मेट्रनबाईंना. त्यांचे वापरून झाले की दोरीवर, पंख्याखाली वाळत घालायचे. मग ते आम्हाला. जुनी साडी मोलकरणीला द्यावी तसे. वर उपकार.

मला किळस आली. मिळालेला मास्क घरी नेला, साबणाने धुतला, चुलीवर वाळवला. आमच्या डोंगरावरच्या वाडीवर मळलेलं धुवायचं, एवढंच ठाऊक. दुसऱ्या दिवशी तो तोंडावर बसेना, नुसता लोंबत राहिला. मेट्रनबाईंनी बोटाने ओढून सगळ्यांना दाखवला.

"धुतलास? अगं, हे काय धुडकं आहे? डोंगरावरून खाली आलात, अक्कल वरच ठेवून आलात."

रोगीसुद्धा हसले. मग बाईंनी स्वतःच्या तोंडावरचा काढला आणि माझ्या हातात कोंबला. आतून ओलसर. पावडरीचा वास. लिपस्टिकचा डाग.

"घे. मी काय रोगी आहे?"

माझ्याबरोबरची आया सुनंदा कुजबुजली, "बांध गो. आपल्याला नवा कोन देतोय?"

बांधला. बाईंचा श्वास माझ्या तोंडात.

काही दिवसांनी एक पुढारी पाहणीला आले. सोबत कार्यकर्त्यांचा घोळका. प्रत्येकाला खोक्यातून नवाकोरा मास्क. खोलीच्या दारात उभं राहून फोटो काढले. आत कुणी गेलं नाही. जाताना मास्क व्हरांड्यात टाकून गेले.

मेट्रनबाई म्हणाल्या, "गोळा करा गं. तुम्हाला महिनाभर पुरतील."

चवदार तळ्याच्या गावात हे ऐकलं. मी वाकले. हातही पुढे गेला. आणि घरची पोर डोळ्यांसमोर आली.

ड्रेसिंगच्या ट्रेमधली कात्री घेतली. एकेक मास्क उचलला, पट्टे कापले, कचऱ्याच्या बादलीत टाकला.

"वेड लागलं का तुला?"

"आता हे कुनालाच बांधता येनार नाय. खोक्यातला नवा द्या, लगेच आत जाते. पेशंट थांबलाय."

"कामावरून काढीन."

"काढा. पन उष्टं तोंडाला लावनार नाय."

सुनंदाने हातातलं भांडं खाली ठेवलं. "मलापन नवा द्या."

आतून रोगी हाका मारत होता. मेट्रनबाईंनी खोका उघडला. दोन मास्क दिले, भीक घातल्यासारखे. आम्ही ते चढवून आत गेलो.

साथ ओसरल्यावर मला काढलं. कारण, उद्धट. बरोबर आहे. यापुढेही उद्धटच राहणार.

मला तुमची हळहळ नको. तुम्ही नर्स असा, आया असा, वॉर्डबॉय असा, सफाई कामगार असा. वापरलेला मास्क कुणी पुढे केला तर त्याचे पट्टे तिथेच, देणाऱ्यासमोर कापा. नवा मागा. एकट्याने नको, शेजारणीला सोबत घेऊन मागा. आणि मिळेपर्यंत दारातून हलू नका.