नवरात्रातल्या नऊ गोळ्या

नवरात्रात वरीच्या भाताचा वास सुटला की मला कुरुंदवाडची आमची चूल आणि माझी थोरली जाऊ आठवते. तीन लेकींनंतर ती पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत होती. घट बसले त्या सकाळी गोळी तळहातावर धरून तिनं विचारलं, “तू शिकलेली हाईस. उपवासाला ही चालती का गं?”

मला ठाऊक नव्हतं. तरी म्हणाले, “नऊ दिवसांनी काय होतंय? दसऱ्यापास्नं घ्या की, अक्का.”

तिला दिवस गेले. त्या बाळंतपणातून ती उठलीच नाही.

काल तिची थोरली लेक माझ्याकडे माहेरपणाला आली. उपवास म्हणून तिनंही गोळ्यांचं पाकीट फडताळात ठेवून दिलं. उपवासाला औषध चालतं, एक दिवसही चुकवू नकोस, असं मी तिला परोपरीनं सांगितलं.

ती हसली. “नऊ दिवसांनी काय होतंय, काकी?”