वाणाला मिळालेलं पुस्तक

संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून बायको परतली आणि तिने वाणाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. वाण म्हणजे डबा, गाळणी, फार तर स्टीलची वाटी. पिशवीतून निघाला माझाच कथासंग्रह. झेरॉक्सच्या दुकानातून काढलेला, स्पायरल बाइंडिंग केलेला, वर हळदीकुंकवाची बोटं.

"खालच्या वहिनींनी सगळ्यांना हेच दिलंय," बायको म्हणाली. "मला तिथे काही बोलवेना रे."

मी भडकलो. एरवी भडकायला मला निमित्त लागत नाही, इथे तर होतं. पुस्तक मी पदरमोड करून रीतसर छापून घेतलंय. चारकोपच्या आमच्या दोन खोल्यांत त्याचे गठ्ठे आहेत. पाहुणे आले की त्यांवर चादर टाकतो. 'माझं पुस्तक घ्या हो' म्हणत दारोदार फिरायची लाज वाटते. म्हणून एका मित्राचं ऐकलं. पीडीएफ फुकट वाट, लोक वाचतील, आवडली की छापील प्रत मागतील. सेक्टरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाकली. भरपूर अंगठे आले. 'केवढं मोठं मन!' असंही कोणी लिहिलं. मन कसलं मोठं, मी गळ टाकून बसलो होतो. प्रत एकानेही मागितली नाही.

आणि आता ही बाई माझं पुस्तक गाळणीसारखं वाटत होती. मी तावातावाने खाली निघालो. "आवाज चढवू नकोस, सणाचं घर आहे," म्हणत बायको मागोमाग आली.

वहिनींनी दार उघडलं ते तिळगूळ हातावर ठेवतच. तो तोंडात टाकून भांडणार कसं? एवढंच विचारलं, "वहिनी, असे प्रिंट का काढलेत?"

"असं काय करता भावजी? तुम्हीच लिहिलंत ना!"

त्यांनी फोन पुढे केला. पीडीएफच्या शेवटच्या पानावर माझंच वाक्य होतं : 'आवडल्यास प्रिंट जरूर घ्या.'

'विकत घ्या' असं मी आधी लिहिलं होतं आणि खोडलं होतं. वर फुकट देतोय म्हणून मिरवायचं आणि खाली पैशाचं बोलायचं, बरं दिसेना. 'प्रिंट' म्हटलं की मागणं जरा झाकलं जातं, असं वाटलं. आमच्याकडे प्रिंट घ्यायला माणसं झेरॉक्सवाल्याकडे जातात, हे डोक्यातच आलं नाही.

वहिनी सांगत होत्या. गोष्टी वाचून त्यांना गिरणीतल्या सासऱ्यांची आठवण झाली, रडू आलं. फोनवर वाचून बायकांचे डोळे दुखतात, म्हणून यंदा वाणाला हेच. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि तोंड कुठे लपवू असं झालं. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"खरं सांगू? माका वाटला, एवढा चांगला लिवलात, पण तुमका छापणारो कोण गावलोच नाय. म्हटलं, आपणच छापूया."

बायको माझ्याकडे बघत होती. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मग वहिनी ओशाळल्या असत्या, आणि फुकट वाटण्यामागचा माझा डावही उघडा पडला असता. यातलं कुठलं कारण मोठं होतं, ते मला ठाऊक आहे.

"नाही ना, वहिनी," मी म्हणालो. "कोणीच नाही मिळालं."