टिकलीची जागा

आमच्या वाचनालयातल्या संगणकाच्या पडद्यावर एक लाल टिकली चिकटवलेली आहे. परत आलेलं पुस्तक जमा करायला कुठे क्लिक करायचं, ते लक्षात राहावं म्हणून ग्रंथपाल सुमनताईंनी ती लावली. आज सकाळी पाहिलं, तर टिकली जागच्या जागी होती आणि तिच्याखालचं बटण मात्र सरकलं होतं. इथला संगणक मी सांभाळतो; काल मीच त्यावरच्या लिनक्स प्रणालीचं नवं अपडेट टाकलं होतं.

“अहो, हे दर महिन्याला कशाला?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

“सुरक्षेसाठी,” मी म्हणालो. ते खरंही आहे. प्रणालीतली भोकं बुजवायलाच हवीत, नाहीतर कुणीही आत शिरेल. पण भोक बुजवताना दरवेळी दार का हलवतात, हे इतक्या वर्षांत मलाही कळलेलं नाही. अपडेट लांबणीवर टाकावं तर धास्ती वाटते, आलं की लगेच घ्यावं तर हाताची सवय मोडते. नवीन काय आलंय ते हल्ली मीसुद्धा वाचत नाही; नुसतं ‘होय’ दाबतो.

सुमनताईंनी नखाने टिकली काढली आणि नव्या बटणावर ठेवली. या वेळी मात्र त्यांनी ती दाबून बसवली नाही.