विरजण आणि दूध

परतूरच्या इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसात काउंटरवर बसणारी ती मुलगी माझ्याच वयाची असेल. तिचं नाव मी विचारलं नाही.

एक कनेक्शन एकाच घराने वापरायचं, असा त्यांचा नियम. आईने पासवर्ड गल्लीतल्या चार घरांना दिला होता, म्हणून आमचं नेट बंद झालं. दुसऱ्या दिवशी माझी ऑनलाइन मुलाखत होती, म्हणून आईला घेऊन मी तिथे गेले. तो नियम मी आईला महिनाभर समजावत होते, निम्मा इंग्रजीत. ती म्हणायची, "शेजाऱ्याला न्हाई कसं म्हणू?"

मुलीने नियमांचा कागद बाजूला सारला आणि आईकडे वाकली.

"मावशी, विरजण दिल्यानं आपलं दही कमी होतं का?"

"न्हाई."

"मंग द्या बिनधास्त. पण नेट म्हंजे दूध. चार घरी वाटलं, तर आपल्या लेकीच्या चहाला काय उरंल?"

आई खळखळून हसली. माझ्याशी बोलताना ती अशी कधी हसल्याचं मला आठवेना. मुलीने पासवर्ड बदलून कनेक्शन चालू करून दिलं. मी साधं थँक्यूही म्हणाले नाही.

संध्याकाळी शेजारच्या काकू नवा पासवर्ड मागायला आल्या. मी दाराआड उभी राहिले. आईने त्यांना विरजण आणि दूध, सगळं तसंच्या तसं सांगितलं. काकूही हसल्या.

"कोणी शिकवलं गं हे?"

"आमच्या लेकीनं," आई म्हणाली.

मी बाहेर जाऊन खरं सांगितलं नाही.