नाव नको, गाणं पुरं म्हण

मंडळी, आज बीबी गावच्या बाजारात मेथी आणायला गेलो आणि अक्कलही घेऊन आलो.

आमचा गजानन स्वतः रचलेली गाणी पेटीवर म्हणतो. आज स्पीकरचं भाडं निघालं नाही तर पेटी विकायची, असं ठरवूनच तो बाजारात बसला होता.

दोन गाणी झाली. गर्दी भरपूर, पुढ्यातली पैशांची ताटली कोरडी.

मग एकानं दहा रुपये टाकले. गजाननानं आभार मानत माइकवर त्याचं नाव घेतलं. झालं! नोटांवर नोटा. दर ओळीनंतर एक नाव, गावासकट. मीही शंभर टाकले आणि माझं नाव कधी येतं याची वाट बघू लागलो. भाडं निघालं, पण गाणं काही पुढे सरकेना.

तेवढ्यात मेथीवाल्या मावशीनं पन्नास ठेवले.

"मावशी, नाव सांग."

"नाव कायले पाह्यजे रे बाप्पा? पैसे देल्ले ना? आता गाणं पुरं म्हन, मधात थांबू नको."

त्यानं शेवटपर्यंत म्हटलं.

"पेटी नाही इकत आता, काका," गजानन मला म्हणाला. "आयकनारं गिऱ्हाईक भेटलं. पण तुमचं नाव राह्यलं ना!"

"राहू दे बे," मी मोठ्या मनानं म्हटलं.

खरं सांगा मंडळी, तुम्हालाही थोडं लागलंच असतं ना?