आठ जीबीची रॅम आणि कंप्रेसरची हवा

आप्पा फौंड्रीतून घरी आले की आधी नाक शिंकरायचे. रुमालावर काळं यायचं. मग अंगणातल्या दगडावर बसून हात, पाय, मान धुवायचे. त्या पाण्याला परसात जायला एक चर काढून दिली होती, तिच्या तळाला काळा गाळ बसायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडलांचं पाणी असंच जातं.

कडोलीच्या पुढं, सीमाभागात आमचं गाव. आप्पा उद्यमबागेत, शहराच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका फौंड्रीत ग्राइंडरवर. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागाच्या, कडेला जादाचं लोखंड राहतं, ते घासून काढायचं, हे त्यांचं काम. अठ्ठावीस वर्षं तेच. आई लोकांच्या रानात बटाटे काढायला, मिरच्या तोडायला जायची. दोन खोल्या, त्यातली एक पत्र्याची. टेबल नव्हतं. पिठाच्या डब्यावर वही ठेवून मी दहावी केली आणि त्याच डब्यावर पुढं मशीन ड्रॉइंगचे कागद पसरले. आईला पीठ पाहिजे असलं की ती म्हणायची, "उठीव गं तुझं कॉलेज." हे मी कुणी कीव करावी म्हणून सांगत नाही. असं होतं, एवढंच.

आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मराठी शाळेतून थेट इंग्रजीत मेकॅनिकल. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले, तेही काढले. पदवीचा कागद आप्पांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप घातलं. आमच्या घरात त्याआधी कुलूप लावण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षं काही झालं नाही. सरकारी जागांना माझं कानडी कमी पडलं. बोलायला येतं, पण पेपर लिहायला वेगळं लागतं. खासगीत अनुभव विचारायचे. एका ठिकाणी तर साहेबांनी अर्ज न बघताच सांगितलं, "फौंड्रीत मुली टिकत नाहीत." माझे वडील कुठं असतात हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं?

शेवटी उद्यमबागेतल्याच एका पॅटर्न शॉपनं बोलावलं. पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून साचा बनतो ते लाकडाचं किंवा ॲल्युमिनियमचं रूप. त्यांना संगणकावर ड्रॉइंग काढणारं माणूस हवं होतं. तिथल्या साहेबांनी नीट बोलून घेतलं आणि म्हणाले, "दसरा होऊ दे. पुढच्या सोमवारी तुमचा लॅपटॉप घेऊन या. आमच्याकडं दोनच मशीन आहेत, दोन्हीवर माणसं आहेत. एक अख्खा पंप पडद्यावर जोडून दाखवा, मग बघू."

माझा लॅपटॉप खडेबाजाराच्या मागच्या बोळातल्या एका दुकानातून जुना घेतलेला. चार जीबीची रॅम बोर्डातच बसवलेली, शिवाय एक स्लॉट रिकामा. हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणारी. एकेक सुटा भाग काढायला काही नाही. पण पंपाचे एकोणीस भाग एकत्र जोडायला घेतले की सातव्या-आठव्या भागाला पडदा पांढरा व्हायचा आणि मशीन बसून राहायचं. तेवढ्यात आईच्या दोन भाकरी व्हायच्या.

त्या महिन्यात आईचा भिशीचा नंबर लागला. तिला कुकर घ्यायचा होता. ती म्हणाली, "घे ते काय घ्यायचं ते. डाळ काय, चुलीवर शिजतीया." मी दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचा कानडी माणूस, चष्मा कपाळावर ठेवून काम करणारा. मी त्यांना अण्णा म्हणते. त्यांनी हार्ड डिस्क काढून तिथं पटकन सुरू होणारी एसएसडी बसवली, जुनं सगळं तिच्यावर उतरवून घेतलं. आठ जीबीची रॅम मात्र माझ्या हातात दिली.

"दाबा की आक्का, तुमचंच हाय. तिरपं घालायचं, मग खाली. कट आवाज आला पाहिजे बगा."

कट आवाज आला. घरी आणून मोजलं, पस्तीस सेकंदांत मशीन सुरू झालं. पंप उघडला. एकोणीसच्या एकोणीस भाग. मी तो बोटानं गोल फिरवून आप्पांना दाखवला. आप्पा आयुष्यात पहिल्यांदा पडद्याजवळ सरकून बसले. पंपाच्या बाहेरच्या कवचाचा भाग बघून म्हणाले, "थांब. मागं फिरीव. हितं, ह्या कडंला. हितं कायम जादा लोखंड राहतंय. तुमचा साच्याचा जोड चुकतोय." मी बघितलं. साच्याचे दोन अर्धे जिथं मिळतात तो जोड खरंच तिथं घ्यायला नको होता. चार वर्षं शिकून मला जे दिसलं नव्हतं ते त्यांना दिसलं. मी जोडाची रेघ हलवली. सोमवारी साहेबांना हे सांगायचं, असं ठरवलं.

मधे खंडेनवमी आली.

आमच्या फौंड्र्यांत खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा असते. सकाळी सगळं साफ करतात. फौंड्रीत साफ करणं म्हणजे हवा मारणं. भिंतीतून कंप्रेसरची लाइन फिरवलेली असते, तिला पाइप लावायचा आणि सुसाट हवा सोडायची. मशीनला हवा, मोटरला हवा, सुट्टी झाली की अंगावरच्या कपड्यांना हवा, डोक्याला हवा. माणसं मोटारसायकल आणून तिला हवा मारून घेतात. आप्पांच्या लेखी जगातली कुठलीही अडचण म्हणजे आत बसलेली धूळ, आणि तिला एकच उपाय.

आदल्या दिवशी ते म्हणाले, "आक्का, तुझं मशीन नेऊ काय पूजंला? तेबी हत्यारच की." मला आवडलं ते. मी म्हणाले, "न्या. पण उघडू देऊ नका कुणाला." त्यांनी ते टॉवेलात गुंडाळून डब्याच्या पिशवीतून नेलं. उघडलं नाही त्यांनी. माझा शब्द पाळला.

त्या दिवशी घरच्यांनाही बोलावतात. आई आणि मी अकराच्या सुमाराला पोचलो. कोहळा फोडून झाला होता. ग्राइंडरच्या ओळीत, एका उलट्या केलेल्या ट्रेवर माझा लॅपटॉप होता. झेंडूची माळ, झाकणावर हळदकुंकवाची पाच बोटं. आप्पा नवा शर्ट घालून शेजारी उभे. मला बघून म्हणाले, "आत लई धूळ होती गं. बाजूच्या फटीतनं हवा मारली. पंखा असा गरागरा फिरला, शिट्टी वाजाय लागली. आता बग कसं पळतंय."

कंप्रेसरच्या लाइनीत पाणी उतरतं, तेल उतरतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न लिहिला होता मी.

पण भोवती आप्पांच्या खात्यातली सगळी माणसं जमली होती. एक जण म्हणाला, "मामा, पोरीचं मशीन नुसतं कुंकू लावाय आणलंय व्हय? चालू तर करा."

"पस्तीस सेकंदात लागतंय," आप्पा म्हणाले. "मोजा पायजे तर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला नको म्हणता आलं असतं. दोन दिवस वाळू द्या, घरी बघू, असं म्हणता आलं असतं. मी झाकण उघडलं आणि बटण दाबलं.

माणसं मोजायला लागली. दहापर्यंत सगळे मोजत होते. वीसपर्यंत चार-पाच जण. आतून एक घरघर आली, मग एक बारीक टक् आवाज, आणि पडदा काळाच राहिला. छत्तिसाव्याला कुणीतरी म्हणालं, "आमचा ग्राइंडर बरा. बटण दाबलं की फिरतोय." सगळे हसले. वाईट मनानं नाही हसले, सणाचा दिवस होता. आप्पाही हसले आणि म्हणाले, "दम धरा की रं जरा." मग प्रसाद वाटायला सुरुवात झाली आणि माणसं तिकडं गेली. आप्पा ट्रेजवळच उभे राहिले.

दसऱ्याला दुकान बंद. आईनं लॅपटॉप तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला, तिच्या बहिणीनं फोनवर सांगितलं म्हणून. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आप्पा रजा टाकून माझ्याबरोबर दुकानात आले. नको म्हटलं तरी आले.

अण्णांनी मागचं झाकण काढलं. आधी तांदळाचे दोन दाणे पडले. ते त्यांनी चिमटीनं बाजूला ठेवले. पंख्याची दोन पाती तुटलेली. रॅमच्या स्लॉटमध्ये काळपट ओलसर थर आणि त्यात लोखंडाचा बारीक कीस. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"ह्येला हवा कुणी मारली?"

"मी," आप्पा म्हणाले.

"मारली ते मारली. लगेच चालू का केलं? तसंच ठेवलं असतं तर पुसून, वाळवून दिलं असतं मी. करंट दिला म्हणून जळालं बगा हे."

"चालूबी मीच केलं," आप्पा म्हणाले. "हिला काय म्हाईत न्हाय त्यातलं. ही नव्हतीच तितं."

मी शेजारी उभी होते. अण्णा माझ्याकडं बघत होते. मी स्लॉटकडं बघत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं, ते मी तिथं बोलले नाही, आणि बसस्टँडला चालत जातानाही बोलले नाही. बसमध्ये आप्पांना जागा मिळाली, त्यांनी ती मला दिली, मी बसले. आजतागायत ते वाक्य आमच्यात झालेलं नाही. आई अजूनही कधीतरी त्यांना टोचते, "सगळ्याला हवा मारायची सवय तुमची." ते ऐकून घेतात. मीही ऐकून घेते.

एसएसडी वाचली. पंखा अण्णांनी एका मेलेल्या मशीनमधून काढून बसवला. आठ जीबीची रॅम दुसऱ्या मशीनमध्ये घालून बघितली, ती ठणठणीत होती. ती घालायची जागा तेवढी गेली होती. "आगंगिल्ल री," अण्णा म्हणाले, "न्हाय व्हायचं आता. ह्येचा बोर्ड मिळत न्हाय. मी हुबळीला विचारलं, कोल्हापूरला विचारलं." त्यांनी रॅम तिच्या खोक्यात घालून परत दिली.

सोमवारी मी गेले. न जाऊन काय करणार होते? साहेबांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. मी पंप जोडायला घेतला. सहावा भाग बसला. सातव्याला पडदा पांढरा झाला. साहेब पाच मिनिटं थांबले, मग फोन घ्यायला बाहेर गेले. परत आले तेव्हाही पांढराच होता.

"तुमचं एकेका भागाचं काम चांगलं दिसतंय," ते म्हणाले. "पण आमच्याकडं रोज अख्खा पंपच लागतो."

"जोडाची रेघ मी हलवलीय, सर. ह्या कडेला जादा लोखंड राहतं," मी म्हणाले.

"कुठली कडा?"

पडद्यावर दाखवण्यासारखं काही नव्हतं. मी हातानं हवेत दाखवलं. ते मान हलवत होते. त्यांना समजलं नाही हे मला दिसत होतं. चहा संपवून मी निघाले. दोन आठवड्यांनी कळलं, दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. त्यानं स्वतःचं मशीन आणलं होतं.

नंतर मी आणखी चार ठिकाणी जाऊन आले. चौथ्या ठिकाणाहून येताना उद्यमबागेच्या नाक्यावर आप्पांची सुट्टी झालेली दिसली. माणसं एकमेकांच्या पाठीवर हवा मारून बाहेर पडत होती. आप्पा तसेच आले, अंगावरची धूळ घेऊन. मी विचारलं, "हवा नाही मारली?" ते म्हणाले, "घरात जाऊन धुतलं की जातंय." आता ते पाइपला हात लावत नाहीत. घरी येतात ते आधीपेक्षा जास्त काळे होऊन, आणि चरीतला गाळ वाढलाय.

खंडेनवमी पुन्हा आली. लॅपटॉप घरातच देवापुढं ठेवला. आप्पांनी कुंकू लावलं नाही, मला लावायला सांगितलं.

मला वाटलं होतं, घरात एक पदवी आली की पुढचं आपोआप सुटेल. तसं झालं नाही. झालं ते हे: मी आता उद्यमबागेत एका लहान कारखान्यात चेकिंगला आहे. दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग समोर ठेवून कास्टिंगची मापं घेते. आठ जीबीची रॅम खोक्यासकट पेटीत, पदवीच्या कागदाशेजारी आहे. लॅपटॉप चार जीबीवर चालतो. सहा भागांपर्यंत जोडता येतात, आणि तो पस्तीस सेकंदांत सुरू होतो.